गावरान बाजरीचं बियाणं घडवताना वाण कसा निवडावा: सातारा-सांगलीच्या कोरडवाहू रानासाठी

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात अजूनही काही घरांत बाजरीचं बियाणं दुकानातून येत नाही. मागच्या सुगीतली कणसं वेगळी काढून ठेवलेली असतात आणि मृगाच्या तोंडावर तीच चोळून पेरली जातात. अशा बाजरीवर काम करून गावापुरतं, गटापुरतं स्वतःचं बियाणं उभं करावं असं बऱ्याच शेतकरी गटांच्या मनात आहे. पण सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच चुकते. कुणाच्या तरी रानातली हातभर लांब दहा-पंधरा कणसं आणायची, शेजारच्या हायब्रीडला लागून पेरायची आणि आलेल्या पिकातली पुन्हा सगळ्यात मोठी दहा कणसं निवडायची. तिसऱ्या वर्षी ताटं (बाजरीची झाडं) खुजी होतात, कणसं विरळ भरतात आणि बियाण्यात शेजाऱ्याचं हायब्रीड मिसळलेलं असतं.

ही फसगत का होते, ते कणसाकडं जवळून पाहिलं की कळतं. कणीस पोटरीतून (पानाच्या फुगलेल्या वेष्टनातून) बाहेर पडलं की दोन-तीन दिवसांत त्याच्या वरच्या भागावर पांढरट, पिसासारखे बारीक तंतू दिसू लागतात. हे स्त्रीकेसर. पुढच्या दोन दिवसांत ते खालपर्यंत उतरतात आणि अख्खं कणीस लव आल्यासारखं दिसतं. पिवळे किंवा जांभळट परागकोश लोंबू लागतात ते त्यानंतर, साधारण तीन-चार दिवसांनी. म्हणजे कणीस फळायला तयार असतं तेव्हा त्याचे स्वतःचे पराग तयार नसतात, वाऱ्यानं येतील ते दुसऱ्या ताटाचे पराग त्यावर बसतात. म्हणूनच बाजरीत शेकडा ८० च्या वर परपरागीकरण होतं.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, कणीस निवडताना तुम्हाला फक्त आई दिसते, बाप रानातलं कुठलंही ताट असू शकतं. दुसरी, बाजरीला जवळच्या नात्यातला संकर सोसत नाही. थोड्या कणसांवर वाण चालवला की दोन-तीन पिढ्यांत सगळी ताटं एकमेकांची भावंडं होतात. मग उंची घटते, फुलोरा लांबतो, दाणे कमी भरतात. गहू, हरभरा, घेवडा या पिकांत एका चांगल्या झाडापासून वाण चालवता येतो, बाजरीत नाही. इथं वाण म्हणजे दोनशे-तीनशे ताटांचा जमाव, आणि निवड त्या जमावाची करायची असते.

आधी गरज ठरवा

गावरान म्हटलं की सगळं एकच असं नसतं. एकाच तालुक्यात माळावरची बाजरी वेगळी आणि ओढ्याकाठची वेगळी निघते. त्यामुळं गोळा करायला बाहेर पडण्याआधी आपल्याला काय हवं ते कागदावर लिहून काढावं. दोन-तीनच गुण पक्के ठरवावेत, दहा गुणांमागं धावलं तर एकही हाती लागत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न कालावधीचा. महाबळेश्वर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जून-जुलैमध्ये तुटक, ऑगस्टमध्ये ओढ देणारा, सप्टेंबरात परतीचा. हलक्या मुरमाड रानात ७५ ते ८५ दिवसांत काढणीला येणारा वाण ऑगस्टची ओढ झेलून पदरात काही टाकतो. मध्यम काळ्या रानात, जिथं ओल टिकते, तिथं ९५ ते १०० दिवसांचा उंच वाण दाणा आणि सरमाड (चाऱ्याची वाळली ताटं) दोन्ही जास्त देतो. पण पेरणी जुलैच्या मध्यावर गेली की त्याचा फुलोरा परतीच्या पावसात सापडण्याची भीती. फुलोऱ्यात झड लागली तर पराग धुऊन जातात, कणीस बोडकं राहतं आणि वर अरगट हा कणसाचा बुरशीरोग येतो.

काही गावरान बाजऱ्या दिवस किती लांब आहे त्यावर फुलतात, उशिरा पेरल्या तरी फार मागं पडत नाहीत. बेभरवशाच्या पावसाच्या भागात हा गुण मोलाचा आहे. तो तपासायचा तर एकच वाण वीस दिवसांच्या अंतरानं दोनदा पेरावा. फुलोऱ्यातलं अंतर वीसच दिवस राहिलं तर वाण दिवसमानाला फारसा दाद देत नाही. ते दहा-बारा दिवसांवर आलं तर देतो.

मग चारा. घरी खिल्लार जोडी किंवा दोन-चार म्हशी असतील तर पाच फुटांची बाजरी कितीही भरघोस असली तरी ती घरात टिकणार नाही, कारण सरमाड कमी पडतं. उलट आठ फुटांच्या वर गेलेली बाजरी सप्टेंबरच्या वाऱ्या-पावसात लोळते. पाखरांचा त्रास फार असेल, म्हणजे आसपास दुसरं काही पेरलेलं नसेल आणि चिमण्यांचे थवे एकाच रानावर उतरत असतील, तर कुसळं असलेल्या केसाळ कणसाचा वाण पाहावा. कुसळामुळं पाखरं पूर्ण थांबत नाहीत, नुकसान कमी होतं. मळताना मात्र कुसळ अंगाला खाजतं, त्यामुळं मळणी करणारी माणसं त्याच्यावर नाराज असतात. तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरणाऱ्यांनी फार फुटव्यांचा, पसरट वाण टाळावा, खालचं पीक दबतं.

भाकरीची चव शेवटी नका ठेवू. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून ते लवकर कडू होतं. सगळ्या वाणांत हे सारख्याच वेगानं होत नाही. प्रत्येक वाणाचं किलोभर पीठ एकाच दिवशी दळून आठ-दहा दिवस ठेवावं आणि चौथ्या, आठव्या दिवशी भाकरी करून घरातल्या बायकांना न सांगता खायला द्यावी. कुठलं पीठ आधी उतरलं ते त्या अचूक सांगतात.

गावरान म्हणजे फक्त आपल्याच गावचं, असाही हट्ट नको. महाराष्ट्रात १९८८ साली प्रसारित झालेला आयसीटीपी ८२०३ हा वाण हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत निवडला गेला, आणि त्याचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली टपोऱ्या दाण्याची स्थानिक बाजरी. त्यातूनच पुढं लोहाचं प्रमाण वाढवलेला ‘धनशक्ती’ हा वाण आला, तो २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. हे दोन्ही संकरित नाहीत, मुक्त परागीकरणाचे आहेत, म्हणजे बियाणं घरी धरता येतं. चाचणीत तुलनेसाठी धनशक्ती लावणं म्हणूनच सोयीचं.

बियाणं गोळा करणं

बाजारातून, आडतीवरून गावरान म्हणून मिळणारी बाजरी घेऊ नये. तिच्यात काय काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं. पीक रानात उभं असताना, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, स्वतः जाऊन पाहावं. चार-पाच गावांतून, प्रत्येक गावात शक्यतो दोन-तीन घरांतून घ्यावं.

एका रानातून घ्यायचं तर किमान पन्नास कणसं, जमल्यास शंभर. बांधाच्या दोन ओळी सोडून रानात नागमोडी चालत जावं आणि ठरावीक पावलांवर समोर येईल ते निरोगी कणीस घ्यावं. या टप्प्याला मोठं-लहान बघायचं नाही. सगळ्यात लांब कणसं वेचायचा मोह इथंच आवरावा, कारण ती बहुधा उकिरड्याजवळच्या किंवा पाणी साचणाऱ्या जागेची असतात. तिथला जोर जमिनीचा असतो, बियाण्याचा नव्हे. कणसं कमी मिळाली आणि घरात मळलेलं बियाणं असेल तर अर्धा किलो पुरे.

रान गावरानाचं आहे की पंधरा वर्षांपूर्वीच्या हायब्रीडचं धरत आलेलं बियाणं आहे, हे फुलोऱ्यात ओळखू येतं. खऱ्या स्थानिक बाजरीत पहिलं ताट निसवल्यापासून (कणीस बाहेर पडल्यापासून) शेवटचं निसवेपर्यंत दहा-पंधरा दिवस जातात, उंची कमीजास्त असते, कुसळं असलेली-नसलेली, हिरव्या आणि जांभळट पेरांची ताटं एकत्र दिसतात. सगळं रान तीन-चार दिवसांत निसवलं, उंची पट्टीनं कापल्यासारखी आणि कणसं जाड, घट्ट, एकसारखी असतील तर ते हायब्रीडच. धरत आलेल्या हायब्रीडमध्ये आखूड जाड ताटं आणि उंच बारीक ताटं अशा दोन टोकांची मिसळ दिसते. तेही कामाचं असू शकतं, फक्त त्याला गावरान म्हणून नोंदवू नये.

बियाण्याबरोबर माहिती घ्यावी आणि ती घरातल्या बाईकडून घ्यावी. बियाणं कुणी निवडायचं, कणसं कुठं ठेवायची, हे बहुतेक घरांत त्यांच्याच हाती असतं. किती वर्षं हेच बियाणं आहे, मध्ये कधी तुटलं होतं का, १९७२ च्या दुष्काळात कुठून आणलं होतं, कुठल्या नक्षत्रात पेरता, किती दिवसांत खाता, निंबूर (भाजलेली कोवळी कणसं) कसा लागतो, भाकरी किती वेळ मऊ राहते, पाखरं किती खातात. पिशवीत आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक: गाव, रानाचा प्रकार, तारीख, घरातलं वाणाचं नाव, कणसांची संख्या. बाहेरची चिठ्ठी फाटतेच, म्हणून आतली पेन्सिलीनं लिहावी, शाई ओलीनं पसरते.

पहिल्या खरिपात फक्त चाचणी

पाच गावरान वाण आणि धनशक्ती अशा सहा वाणांची चाचणी दोन गुंठ्यांत बसते. प्रत्येक वाणाच्या ४ ओळी, ५ मीटर लांब, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर. असे सहा तुकडे एका पट्ट्यात, आणि असे तीन पट्टे. प्रत्येक पट्ट्यात वाणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. रानाचा उतार असेल तर पट्टे उताराला आडवे घ्यावेत, म्हणजे एका पट्ट्यातल्या सगळ्यांना साधारण सारखी ओल मिळते. नोंदी मधल्या दोन ओळींच्याच घ्यायच्या. कडेच्या ओळींना शेजारच्या वाणाची सावली किंवा मोकळी हवा मिळालेली असते.

पेरणी पाभरीनं करू नये, टोकण करावी. एका जागी तीन-चार दाणे, दोन-तीन सेंटिमीटर खोल. पंधराव्या दिवशी विरळणी करून एकच ताट ठेवावं. विरळताना नेहमी धट्टं रोप ठेवायची सवय असते. चाचणीत तसं करू नये, डावीकडचं पहिलं ठेवायचं असा नियम लावावा.

या चाचणीला मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करायची नाही. केवडा या रोगाला कोण बळी पडतं तेच तर बघायचं आहे. आणि खतही तुम्ही एरवी जितकं घालता तितकंच. गाडीभर शेणखत आणि दोन जादा पाण्यावर जो वाण चांगला दिसतो, तो माळावर चांगला येईलच असं नाही.

कुठल्या नोंदी घ्याव्यात? उगवण, पेरल्यापासून निम्मी ताटं निसवायला लागलेले दिवस, तिसाव्या दिवशी आणि पुन्हा फुलोऱ्यात केवड्याची ताटं, काढणीच्या वेळी उंची आणि लोळण, दाणा आणि वाळलेलं सरमाड यांचं वजन. केवडा, ज्याला गोसावीही म्हणतात, तो ओळखायला सोपा: पानं पिवळी पडतात, सकाळच्या दवात पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते आणि कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका येतो. शंभरात दहाच्या वर ताटं गेली तर तो वाण, भाकरी कितीही गोड असली तरी, एकट्यानं पुढं नेऊ नये.

केवड्याचा धसका घेण्यासारखाच आहे. देशातला पहिला संकरित बाजरी वाण एचबी-१ हा १९६५ साली आला. त्याची आणि त्याच्या पाठोपाठच्या वाणांची मादी ओळ एकच होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केवड्यानं हे संकरित वाण झोपवले. रानभर एकाच रक्ताची बाजरी असली की असं होतं. गावरान जमावात काही ताटं मरतात, काही तगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाचणीतला दाणा बियाण्याला ठेवायचा नाही. सहाही वाणांचे पराग तिथं एकमेकांवर बसलेले असतात. तो दाणा दळायला. एका वाणाच्या पेरणीला १५-२० ग्रॅम बी लागतं, उरलेलं मूळ बियाणं डब्यात कोरडं राखून ठेवायचं आणि चाचणीत पास झालेल्या वाणाचं तेच पुढच्या वर्षी काढायचं. हे न पाळल्यामुळं चांगल्या चांगल्या गटांचं वर्षभराचं काम वाया जातं.

एक वाण की मिसळ

चाचणीनंतर एखादा वाण सरळ पुढं असेल तर एकटाच चालवावा. दोघांत एकेक उणं असेल, म्हणजे एक लवकर येतो पण लोळतो, दुसरा ताठ पण उशिरा, तर मिसळ करता येते. मिसळीत एक खोच आहे. लवकर निसवणारी ताटं लवकरच्यांशीच जुळतात आणि उशिराची उशिराशी, मग एकाच रानात दोन वाण समांतर चालत राहतात. म्हणून उशिराचा वाण तेवढे दिवस आधी पेरावा आणि ओळी आलटून पालटून घ्याव्यात. मिसळीत पहिले दोन हंगाम कडक निवड करू नये, फक्त रोगट काढावीत. गुण नीट घुसळू द्यावेत.

दुसरा खरीप: विलग प्लॉट

मुक्त परागीकरणाच्या बाजरीसाठी बीजप्रमाणीकरणात प्रमाणित बियाण्याला २०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला ४०० मीटर अंतर मागितलं जातं. वाण घडवताना ४०० मीटर धरावेत. तुकड्या-तुकड्यांच्या रानात इतकं अंतर मिळणं अवघड, पण माण-आटपाडीकडं डोंगराच्या कुशीतली, ताली घातलेली एकटी रानं असतात, ती शोधावीत. ऊस हा आडोसा म्हणून बरा, त्यावर भिस्त ठेवू नये. मात्र सगळीकडं ऊस असलेल्या कृष्णाकाठच्या गावात बाजरी मुळातच कमी, त्यामुळं तिथल्या पाहुण्याचं रान मागून घेणं कधी कधी सोपं पडतं. पण तिथली भारी जमीन आणि पाणी पाहता, तिथं फक्त बियाणं वाढवावं, निवड करू नये.

अंतर मिळत नसेल तर वेळ साधावी. शेजाऱ्याच्या फुलोऱ्यात आणि आपल्या फुलोऱ्यात तीन आठवडे पडले पाहिजेत. गावरानचा फुलोरा स्वतःच दहा-पंधरा दिवस चालतो, हे धरून हिशेब करावा. उन्हाळी बाजरी हा तिसरा मार्ग, पण उन्हाळ्यात निवड केली तर वाण पाण्यावरच्या उन्हाळ्याला जमत जातो. खरिपाचा वाण घडवायचा असेल तर उन्हाळी हंगाम फक्त वाढीला.

प्लॉटचं माप असं घ्यावं: ४५ सेंटिमीटरच्या २४ ओळी, २१ मीटर लांब, म्हणजे सव्वादोन गुंठे. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि टोकाचा अर्धा मीटर सोडून मधल्या २० ओळी निवडीला राहतात. त्यात ४ ओळी गुणिले अडीच मीटर असे ४० चौकोन काठ्या-सुतळीनं पाडावेत. एका चौकोनात ६५ च्या आसपास ताटं येतात. प्रत्येक चौकोनातून फक्त ५ निवडायची, एकूण २००. चांगल्या चौकोनातून आठ आणि वाईटातून दोन असं करायचं नाही. मुरमाच्या चौकोनातलं मध्यम कणीस हे चिबडातल्या (पाणी साचणाऱ्या जागेतल्या) टपोऱ्या कणसापेक्षा बियाण्याच्या दृष्टीनं सरस असू शकतं, आणि त्याचा न्याय त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना करूनच होतो.

निवड तीन वेळा होते.

पहिली फुलोऱ्याआधी, पोटरीत असताना. ही सगळ्यात फायद्याची आणि सगळ्यात दुर्लक्षित. केवड्याची, खुजी, हायब्रीडसारखी आखूड जाड ताटं, आणि इतरांच्या फार आधी निसवू लागलेली दोन-चार, हे सगळं पराग उडण्याआधी उपटून काढायचं. एकदा पराग उडाले की त्या ताटाचं रक्त रानभर गेलं. नंतर उपटून उपयोग नाही. या काळात एक दिवसाआड रानात फेरी हवी, सकाळी सातला. हिंगे हे भुंगेरे परागकोश आणि फुलोरा खातात, ते दिसले तर तेव्हाच हातजाळीनं वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. उघड्या हातानं धरू नये, अंगावर फोड येतात.

दुसरी फुलोऱ्यात. मधल्या आठवड्यात निसवलेल्या चांगल्या ताटांना लाल सुतळी बांधावी, प्रत्येक चौकोनात दहा-बारा. अंतिम पाच यांतूनच निघतील.

तिसरी दाणे पक्के झाल्यावर. इथं कणसाचा घट्टपणा, टोकापर्यंतचं भरणं, दाण्याचा आकार, खोडाचा ताठपणा, दुसरा-तिसरा फुटवा भरलाय की नाही. मुख्य कणीस दिमाखदार आणि फुटवे वांझ, असं ताट घेऊ नये. कोरडवाहूत पहिलं कणीस ओढीत सापडलं तर फुटव्यावरच भागतं.

अरगट इथंच पाहावा. सुरुवातीला कणसावर मधासारखे गुलाबी-तांबूस चिकट थेंब येतात, मुंग्या-माश्या लागतात. दहा-पंधरा दिवसांनी दाण्याच्या जागी काळपट, टोकदार, दाण्यापेक्षा लांब गाठी दिसतात. या गाठी विषारी आहेत, माणसाला आणि जनावरालाही. असं कणीस बियाण्यातूनच नव्हे, खळ्यातूनच बाहेर. काणी या रोगात दाण्याच्या जागी फुगीर हिरव्या पिशव्या येतात, पुढं काळ्या होऊन फुटतात. तेही बाहेर.

अंतर मिळालंच नाही तर पिशव्या

हे कष्टाचं काम आहे, पण थोड्या बियाण्यासाठी होतं. शंभर-दीडशे ताटं निवडावीत. कणीस पोटरीतून डोकावतंय आणि स्त्रीकेसर अजून दिसत नाहीत तेव्हाच बटर पेपरची लांब पिशवी चढवून खाली टाचणी किंवा क्लिपनं बंद करावी. एक दिवस उशीर झाला तर वाऱ्यानं काम केलेलं असतं. तीन-चार दिवसांनी पिशवी उन्हाकडं धरून पाहावी, पांढरे तंतू खालपर्यंत उतरले असतील तर ते कणीस तयार. त्या दिवशी आठ ते अकराच्या दरम्यान ज्यांचे पराग पडत आहेत अशा वीस-पंचवीस पिशवीबंद कणसांना टिचकी मारून पराग पिशवीत झाडून घ्यावेत, सगळे एकत्र करावेत आणि चिमूटभर चिमूटभर तयार कणसांवर टाकून पिशवी लगेच पुन्हा चढवावी. दुसऱ्या दिवशी एकदा परत. एकाच ताटाचे पराग सगळ्यांवर टाकले तर पुन्हा भावंडांचाच वाण तयार होतो, म्हणून मिसळ हवीच. पावसात ओली झालेली पिशवी चिकटून कणीस कुजतं, ती बदलावी. दाणे धरल्यावर, दहा-बारा दिवसांनी, पिशवी काढावी आणि सुतळीची खूण ठेवावी.

मळणी, मीठपाणी, साठवण

दोनशे कणसं एकत्र बडवू नयेत. प्रत्येक कणीस हातानं चोळून त्यातून चहाचा एक सपाट चमचा, साधारण ४-५ ग्रॅम, घ्यावा. दोनशे चमच्यांचं किलोच्या आसपास बियाणं होतं, अर्ध्या एकराहून थोड्या जास्त रानाला पुरतं. सारखं माप घेतल्यामुळं मोठ्या कणसाची संतती रानात वरचढ होत नाही आणि वाणाचा पाया रुंद राहतो. उरलेले दाणे एकत्र करून साधं बियाणं म्हणून गावात वाटायला हरकत नाही.

अरगटाचा संशय असेल तर मीठपाणी. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावं, बी हळूहळू सोडून ढवळावं, वर तरंगणाऱ्या गाठी आणि पोचट दाणे झाऱ्यानं काढून पुरून टाकावेत. बुडालेलं बी लगेच काढून साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवावं आणि सावलीत वाळवावं. धुण्यात कंटाळा केला तर मिठामुळं उगवण मार खाते. हे पेरणीच्या तोंडावर करावं. साठवणीआधी भिजवलेलं बी नीट वाळलं नाही तर बुरशी धरतं.

वाढीच्या रानात पेरताना, निवडीच्या नव्हे, मेटॅलॅक्झिल ३५ टक्के भुकटी किलोला ६ ग्रॅम चोळावी. चोळलेलं बी उरलं तर ते खायला किंवा कोंबड्यांना जाणार नाही अशी सोय करावी.

साठवणीला बी दाताखाली कटकन तुटेल इतकं वाळलेलं हवं. ओल १२ टक्क्यांच्या खाली असेल तर वर्षभर साध्या डब्यात टिकतं. हवाबंद डब्यात ठेवायचं तर ती ८ टक्क्यांपर्यंत आणावी, नाहीतर आतल्या आत उबतं. सकाळच्या उन्हात तीन-चार दिवस, दुपारच्या तापल्या पत्र्यावर नाही. बी तीन ठिकाणी ठेवावं: एक पेरायला, एक राखीव, एक दुसऱ्या गावातल्या घरी. पाऊस पूर्ण गेलेल्या वर्षी राखीवच कामाला येतं. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सात दिवस ठेवावेत. ७५ पेक्षा कमी उगवले तर पेरणीचं प्रमाण, एरवी एकरी दीड किलो, त्या हिशेबात वाढवावं. काढणीनंतर लगेच ही चाचणी करू नये, ताजी बाजरी काही आठवडे सुप्त असते आणि उगाच घाबरवते.

पुढचे हंगाम आणि नोंदणी

हीच निवड, त्याच चौकोन पद्धतीनं, तीन-चार खरीप करावी. फरक दरवर्षी थोडा थोडाच दिसेल, आईकडूनच निवड होत असल्यामुळं तो तसाच असतो. घाईनं दोनशेची पन्नास कणसं केली तर पहिल्या वर्षी वाण झटकन सुधारल्यासारखा दिसतो आणि मग घसरतो. दर दुसऱ्या वर्षी मूळ राखीव बियाण्याची आणि निवडलेल्या बियाण्याची एकेक ओळ प्लॉटशेजारी नव्हे, दुसऱ्या रानात लावून तुलना करावी. सुधारला असं वाटणं आणि सुधारणं यातला फरक त्या ओळींत दिसतो.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपलं बियाणं राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं आणि विकणं याचा हक्क आहे. अट एवढीच, की संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावानं पाकीटबंद करून विकायचं नाही. गावाचा वाण ‘शेतकऱ्यांचा वाण’ म्हणून नोंदवता येतो. बोरगाव किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात अर्जासाठी विचारावं. अर्ज एका माणसाच्या नावानं करण्याआधी ज्या घरांतून बियाणं आलं त्या सगळ्यांना बोलावून कुणाच्या नावानं करायचा ते लेखी ठरवावं, आणि गोळा करतानाच्या त्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या अर्जाबरोबर जोडाव्यात. वाणाचं वर्णन लिहिताना ‘उंच, टपोरी, चवदार’ चालत नाही. निम्मी ताटं निसवायचे दिवस, ताटाची उंची आणि कणसाची लांबी सेंटिमीटरमध्ये, कुसळ आहे की नाही, परागकोशाचा आणि दाण्याचा रंग, हजार दाण्यांचं वजन. यातल्या काही नोंदी चाचणीच्या वहीत असतातच, बाकीच्या घ्याव्यात, आणि त्या दोन खरिपांच्या हव्यात.